धान्याला गोळी नको, कडुनिंब हवा

२०२५ च्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या वर्षी रेशनवर जून, जुलै आणि ऑगस्ट अशा तीन महिन्यांचे धान्य पावसाळ्याआधी एकदमच देण्याचे ठरले होते. आमच्या वस्तीतल्या एका कुटुंबाला माणशी ५ किलोप्रमाणे पाच जणांचे तीन महिन्यांचे ७५ किलो धान्य मिळाले. खोली दहा बाय बाराची. एका कोपऱ्यात मोरी, दुसऱ्या कोपऱ्यात गॅस, मधे झोपायची जागा. त्यातच भिंतीला लावून गव्हा-तांदळाचे कट्टे.

जुलै निम्मा सरला आणि गव्हात टोके दिसू लागले. वहिनींनी चाळले, पाखडले. आठ दिवसांत पुन्हा तेच. शेवटी घरच्या कर्त्या माणसाने कुठल्याशा दुकानातून गोळ्या आणल्या. दुकानदाराने सांगितले, ‘‘फडक्यात बांधून कट्ट्यात ठेवा, एक किडा राहणार नाही.’’ त्याप्रमाणे गोळ्या ठेवल्या. बाहेर धो धो पाऊस, म्हणून दार-खिडकी बंद करून पाचही जण झोपले.

रात्री एकच्या सुमारास आमचे दार वाजले. रेशनकार्ड, दाखले, दवाखाना अशा कामांसाठी वस्तीतले लोक आमच्याकडे येतात. पण त्या रात्रीची हाक वेगळी होती. ‘‘भाऊ, पोरं सारखी उलट्या करायला लागलीत. धाकटा डोळे उघडत नाही.’’ आम्ही धावलो. खोलीत लसणासारखा उग्र वास भरला होता. आम्हाला वाटले, जेवणातून काही झाले असेल. दोन रिक्षा करून सगळ्यांना सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘घरात धान्यात काही ठेवलंय का?’’

धाकटा चार दिवस अतिदक्षता विभागात होता. तो वाचला. सगळे घरी आले. पण आमच्या मनातून जात नाही ते वहिनींचे एक वाक्य. रुग्णालयाच्या पायरीवर बसून त्यांनी विचारले होते, ‘‘भाऊ, आता ते धान्य खायचं का टाकायचं?’’ लेकरू आत मरणाच्या दारात आणि आईच्या डोक्यात ७५ किलो धान्याचा हिशेब! आम्ही म्हणालो, ‘‘खाऊ नका.’’ अग्निशमन दलाच्या जवानांनी तोंडाला मुखवटे लावून ते कट्टे बाहेर काढून नेले. मग वस्तीतल्या घराघरातून किलो-दोन किलो धान्य गोळा करून आम्ही त्या कुटुंबाचे दोन महिने निभावले.

त्यानंतर विहारात महिला मंडळाची बैठक झाली. ‘‘गोळी नको हे कळलं, मग टोक्यांना करायचं काय?’’ असा सरळ प्रश्न माता-भगिनींनी विचारला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जाणकारांना विचारले आणि घरी करून पाहिले, ते आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

गोळीत असते काय?

या गोळीचे नाव ॲल्युमिनियम फॉस्फाइड. ती कोरड्या डब्यात असते तोवर गप्प असते. तिला हवेतला दमटपणा लागला की तिच्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू निघू लागतो. साधारण ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम वायू निघतो. पावसाळ्यात हवा दमट आणि खिडक्या बंद, म्हणजे काय होत असेल याची कल्पना करा. हा वायू फडक्यातून जातो, गोणीतून जातो, फळीच्या फटीतून शेजारच्या खोलीतही जातो. त्याला लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास येतो. पण दरवेळी वास येईलच असे नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो कळत नाही. या विषावर नेमका उतारा औषधशास्त्रात नाही. डॉक्टर शरीराला आधार देतात, बाकी माणसाच्या आयुष्याची दोरी.

मोठ्या गोदामात ही गोळी वापरतात हे खरे. पण तिथे धान्याच्या थप्पीवर जाड आवरण घालून ते हवाबंद करतात, त्या वेळी आत कोणी राहत नाही आणि काम शिकलेली माणसे करतात. आपल्याकडे नियमही असाच आहे, की हे काम सरकारी यंत्रणेने किंवा परवानाधारक कीड-नियंत्रण करणाऱ्यांनी जाणकारांच्या देखरेखीखालीच करावे. घरगुती वापरासाठी ही गोळी नाहीच. तरीही ती सुटी विकली जाते आणि गरिबाच्या खोलीपर्यंत पोचते.

कोणाच्या घरी ती आधीच ठेवलेली असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, सगळ्यांनी ताबडतोब खोलीबाहेर पडा, निघताना दार-खिडक्या उघड्या टाका आणि शेजाऱ्यांनाही जागे करा. दुसरी, गोळीला हात लावू नका, तिच्यावर पाणी ओतू नका, मोरीत किंवा संडासात टाकू नका. पाण्याने वायू अधिकच निघतो. तिसरी, ११२ वर फोन करून मदत मागवा. चौथी, मळमळ, डोकेदुखी, धाप, छातीत दाटणे असे काहीही वाटले तर १०८ ची गाडी बोलवा आणि गोळीचे पाकीट किंवा त्याचे नाव डॉक्टरांना सांगा. घरगुती उपायात वेळ दवडू नका.

टोके येतात कुठून?

आपल्याकडे अजूनही अनेकांना वाटते, की धान्यात किडे ‘आपोआप पडतात’. आपोआप काहीच होत नसते. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण कळले की उपाय सापडतो.

सोंड असलेला तो बारीक काळपट किडा, ज्याला कुणी टोका म्हणते तर कुणी सोंड्या, त्याची मादी गव्हाच्या किंवा तांदळाच्या दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि चिकट पदार्थाने ते भोक बुजवून टाकते. वरून दाणा धडधाकट दिसतो. आत अळी दाणा पोखरत वाढते आणि उबदार दमट हवेत महिन्याभरात नवा किडा दाणा फोडून बाहेर येतो. एक मादी आयुष्यात तीनशेच्या वर अंडी घालू शकते. म्हणजे आज कट्ट्यात दहा टोके दिसले, तर शेकडो दाण्यांच्या पोटात पुढची पिढी वाढत असू शकते. वहिनींनी चाळूनही आठ दिवसांत किडे पुन्हा दिसले, ते यामुळे.

मूग, मटकी, चवळी, हरभरा यांत पडतो तो भुंगेरा. त्याची मादी दाण्याच्या सालीवरच अंडी चिकटवते. मुगावर पांढरे बारीक ठिपके दिसले तर ती अंडी समजा. ही कीड अख्ख्या कडधान्यात पडते, भरडून सालपटे काढलेल्या डाळीत तिचे फारसे चालत नाही. म्हणून खेड्यातल्या बाया हरभरा-तूर वेळेवर भरडून डाळ करून ठेवीत.

अंडी शेतातून, गोदामातून, जुन्या गोणीतून किंवा आपल्याच न धुतलेल्या डब्याच्या फटीतून येतात. यातून एक मोठा धडा मिळतो: वनस्पतीची कोणतीही पावडर दाण्याच्या पोटातल्या अळीपर्यंत पोचत नाही. ती बाहेरच्या किड्याला रोखते. म्हणून पावडर कीड पडण्याआधी घालायची असते, पडल्यावर नव्हे. ‘कडुनिंब घातला, काही उपयोग झाला नाही’ असे जे म्हणतात, त्यांनी तो बहुधा उशिरा घातलेला असतो किंवा ओला घातलेला असतो.

आज्यांची विद्या

आमचे मूळ गाव मराठवाड्यातले. आई सांगते, की पणजीच्या काळी घराला बलुत्याचे धान्य मिळायचे. खळ्यावर सुगीत एकदा मिळालेले धान्य वर्षभर पुरवायचे. मधे कोणी पसाभरही देणार नाही. ते किडले तर उपास. त्यामुळे आपल्या बाया धान्याला तान्ह्या लेकरासारखे जपत. तुरीच्या काड्यांची कणगी आतून-बाहेरून शेणा-मातीने लिंपायची, तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला, वर ज्वारी, पुन्हा पाला, तोंड लिंपून बंद. बियाण्याच्या मुगा-मटकीला गोवरीची चाळलेली राख चोळायची. १९७२ च्या दुष्काळात आई लहान होती. दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसे, सुकडी आणि रेशनची लाल मिलो ज्वारी हे तिला लख्ख आठवते. त्या मिलोतही आजी वाळका पाला घालून ठेवायची, कारण पुढचा आठवडा कुणी पाहिलाय!

ही नुसती समजूत नव्हती. राखेच्या बारीक कणांनी किड्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण खरवडले जाते आणि तो सुकून मरतो. शिवाय दाण्यांमधली जागा भरल्याने त्याला हिंडता येत नाही. कडुनिंबातले मुख्य द्रव्य म्हणजे ॲझाडिरॅक्टिन. त्यामुळे किड्याला खाण्यावर वासना राहत नाही, अळीला नीट कात टाकता येत नाही आणि अंडी कमी होतात. हे द्रव्य पाल्यापेक्षा निंबोळीच्या आतल्या गरात कितीतरी अधिक असते. जोतवानी आणि सिरकार या भारतीय शास्त्रज्ञांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गव्हाच्या बियाण्यात शेकडा १ ते २ भाग निंबोळीच्या गराची पावडर मिसळली असता, ते निरनिराळ्या किडींपासून सुमारे नऊ महिने ते वर्षभर सुरक्षित राहिले.

यापुढची हकीगतही आपल्या लोकांना ठाऊक असावी. १९९४ साली युरोपच्या पेटंट कार्यालयाने, कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या एका पद्धतीचे पेटंट अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस या कंपनीला दिले. भारतात हे ज्ञान आधीपासूनच आहे, असे सांगून वंदना शिवा आणि इतरांनी त्याला आव्हान दिले. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली कंपनीच्या बाजूचे अपीलही फेटाळले गेले. निरक्षर आया-आज्यांच्या हातची विद्या जगाच्या न्यायासनापुढे खरी ठरली. मात्र आम्ही ती शहरात आल्यावर विसरलो आणि दुकानातली गोळी घरात आणली, याचे वाईट वाटते.

आता प्रत्यक्ष कृती

आधी धान्य निवडा, चाळा, पाखडा. चाळणीखाली पडलेला भुसा आणि किडे घरातच सोडू नका, लांब नेऊन टाका. गहू-ज्वारी उन्हाळ्यात दोन-तीन दिवस कडक उन्हात पातळ पसरून वाळवा. काळ्या प्लॅस्टिकवर किंवा पत्र्यावर पसरले तर अधिक तापते. उन्हाने बाहेरचे किडे पळतात आणि दाण्यातल्या अंडी-अळ्यांपैकी बऱ्याच मरतात. दाणा दाताखाली धरल्यावर ‘कट्’ असा आवाज झाला म्हणजे वाळला. तांदूळ मात्र कडक उन्हात घालू नका, दाणा चिरतो आणि भाताचा चुरा होतो. त्याला सावलीतला वारा पुरे. वाळवलेले धान्य गरम असताना डब्यात भरू नये. आत पाणी सुटते आणि बुरशी येते.

डबा, कोठी किंवा पिंप धुऊन खडखडीत वाळवून घ्या. झाकण घट्ट बसणारे हवे. नवे धान्य जुन्यावर ओतू नका. रेशनची गोणी घरात तशीच ठेवू नका. रिकामी झाली की उकळत्या पाण्यात बुचकळून उन्हात टाका.

पाला आणि निंबोळी अशी तयार करा. कडुनिंबाचा पाला सावलीत वाळवावा. उन्हात वाळवला तर त्यातले गुणकारी द्रव्य कमी होते. हातात चुरला की कुरकुरीत मोडला पाहिजे. ओला पाला धान्यात घालणे म्हणजे बुरशीला आमंत्रण, आणि बुरशी टोक्यापेक्षा वाईट. काही बुरशींचे विष तर शिजवूनही जात नाही. निंबोळ्या जून-जुलैत झाडाखाली पडतात. पिवळ्या पिकलेल्या वेचून, वरचा गर चोळून धुऊन, बिया सावलीत आठ-दहा दिवस वाळवाव्यात. मग टरफल फोडून आतला गर काढून खलबत्त्यात कुटावा. स्वयंपाकाच्या मिक्सरमध्ये किंवा गिरणीत घालू नका. गर तेलकट असतो, कडूपणा जात नाही. काळी पडलेली, बुरशी लागलेली बी फेकून द्या. एका वर्षापेक्षा जुनी बी वापरू नका.

कशाला काय घालायचे, ते असे:

गावाकडे पेरायचे बियाणे असेल, तर एक किलो बियाण्याला १० ते २० ग्रॅम निंबोळी गराची पावडर हाताने सारखी चोळावी. बियाण्यासाठी वेखंडाची पावडरही चालते. किलोला १० ग्रॅम पुरते. हे बियाणे पुन्हा खाण्यात घेऊ नये.

खाण्याचे गहू-ज्वारी असेल, तर तळाशी, मधे आणि वर कुरकुरीत वाळलेल्या पाल्याचे थर द्यावेत. पातळ सुती कापडाच्या लहान पुरचुंड्यांत पाल्याची भरड घालून त्या ठेवल्या तर निवडायचे काम वाचते. आम्ही दहा किलोला मूठ-मूठ भरडीच्या दोन पुरचुंड्या ठेवतो. एवढे लक्षात ठेवा, की पुरचुंडीचा गुण मिसळलेल्या पावडरीपेक्षा कमी असतो. म्हणून सुकवणे आणि घट्ट झाकण यांत हयगय नको. दळायच्या आधी पाला काढून धान्य पाखडावे, धुऊन वाळवावे.

मूग, मटकी, चवळी, हरभरा असेल, तर किलोला एक लहान चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, खाण्याचे ताजे तेल आणि चिमूटभर हळद हाताने चोळावी. सगळ्या दाण्यांना तेलाचा पातळ हात लागला पाहिजे. भुंगेऱ्याचे अंडे दाण्याला नीट चिकटत नाही आणि चिकटले तरी तेलाने गुदमरते. हळदीच्या वासाने किडा दूर राहतो. हळकुंडे आणून घरी कुटलेली हळद घ्या; सुट्या झगझगीत पिवळ्या हळदीत कधी कधी शिशाचा विषारी रंग मिसळलेला असतो. तेल लावलेली कडधान्ये चार-पाच महिन्यांत संपवा, नाही तर खवट वास येतो.

तांदूळ आणि रवा-पीठ यांत पावडर घालूच नये. तांदळात वाळक्या पाल्याची एखादी पुरचुंडी ठेवावी. रवा कोरडा भाजून, गार करून भरावा. पीठ पंधरा दिवसांचेच दळावे.

आणि दर पंधरा दिवसांनी, विशेषतः श्रावण-भाद्रपदात, डब्यात हात घालून बघावे. हात घातल्यावर धान्य उबदार लागले, पीठ सुटलेले दिसले, तर कीड लागली समजा. ते धान्य लगेच काढा, चाळा, ऊन असेल तर उन्हात घाला, नसेल तर आधी तेच खाऊन संपवा. तिथे पावडर ओतत बसू नका.

झाडाचे आहे म्हणून बिनधास्त नको

आमच्यातले काही जण झाडपाल्याचे म्हटले की निर्धोक समजतात. हेही अज्ञानच. निंबोळीचे तेल पोटात गेल्याने तान्ह्या मुलांना झटके आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्रात नोंदलेली आहेत. म्हणून निंबोळीची पावडर लेकरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये आणि गरोदर बाईच्या खाण्यात जाऊ देऊ नये. सीताफळाच्या बियांची पूड कीड मारते, पण ती डोळ्यात गेली तर डोळा निकामी होऊ शकतो. घरात कुटूच नका. वेखंड बियाण्यापुरताच ठेवा. त्यातल्या एका द्रव्याने उंदरांना कर्करोग झाल्याचे आढळल्यावर अमेरिकेने १९६८ सालीच तो खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. कोणतीही पावडर कुटताना नाका-तोंडाला फडके बांधा.

बोरिक पावडर लावायची चाल आपल्याकडे घरोघर आहे. ती खाण्याची वस्तू नव्हे. नीट धुतली गेली नाही तर लहान मुलांच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला अपाय करते. जिथे तेल-हळदीने भागते तिथे ती कशाला? पारा असलेल्या गोळ्याही ठेवू नका. पारा विषारी धातू आहे आणि त्याची वाफ होते. एके काळी गॅमेक्झिनची पावडर गोणीभोवती टाकायचे. १९९७ पासून ती आपल्या देशात बंद आहे. जुन्या घरात तिची एखादी पुडी उरलेली असेल, तर ती धान्याजवळ आणू नका.

बैठकीत एका वृद्ध मातेने विचारले, ‘‘आपण पंचशील घेतो, मग जीव मारायचे का?’’ प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही म्हणालो, ‘‘माय, आधीच वाळवून, झाकून, पाला घालून ठेवलं तर किडा येतच नाही. आला नाही तर मारायचा प्रश्नच कुठं?’’ माय हसल्या. ‘‘मंजी आळस केला की पाप,’’ त्या म्हणाल्या. आमच्या सगळ्या भाषणापेक्षा त्यांचे हे वाक्य बायांना जास्त पटले.

हिशेब आणि संकल्प

आम्ही पेशाने कारकून, आकडेमोडीची सवय. समजा पाच माणसांच्या घरात महिन्याला २५ किलो रेशनचे धान्य येते आणि त्यातले शेकडा १० किडले. अडीच किलो गेले. म्हणजे घरातल्या एका माणसाचे अर्ध्या महिन्याचे धान्य टोक्यांनी खाल्ले. हे धान्य कोणाची मेहेरबानी नव्हे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने मिळालेला तो हक्क आहे. दुकानातच किडके, ओले धान्य दिले जात असेल तर तिथल्या तिथे बदलून मागा, नाही दिले तर लेखी तक्रार करा. मात्र चांगले मिळालेले धान्य राखणे आपल्या हाती आहे.

एकेकट्याने निंबोळ्या वेचणे जमत नाही, म्हणून आमच्या महिला मंडळाने ते काम वाटून घेतले आहे. जूनच्या अखेरीस रविवारी सकाळी मुले-मुली रस्त्याकडेच्या झाडांखाली निंबोळ्या वेचतात, बाया धुतात, विहाराच्या व्हरांड्यात सावलीत वाळवतात. ज्यांची गावाकडे थोडीफार शेती आहे ते बियाण्यासाठी घेऊन जातात. उरलेल्या बिया पुढे रोपांसाठी. पाल्याच्या पुरचुंड्या शिवायला जुन्या सुती साड्या आहेतच. आपापल्या वस्तीत, विहारात असे करता येईल. खर्च जवळपास काहीच नाही; लागते ती थोडी शिस्त.

आणि ज्यांच्यामुळे हे सारे सुरू झाले त्या वहिनी? आता रेशन आले की त्या आधी ते निवडून वाळवतात आणि पत्र्याच्या कोठीत भरतात. कोठीवर धाकट्याने खडूने तारीख लिहिलेली असते. पुढची तपासायची तारीखही तोच लिहितो. परवा आम्ही गेलो तर त्याने झाकण उघडून दाखवले आणि म्हणाला, ‘‘काका, वास घ्या. कडूच येतोय ना?’’

तो कडूच होता.

समाजातल्या सर्व माता-भगिनींना आणि बंधूंना आमचे सांगणे इतकेच : हा लेख वाचून झाल्यावर उठा, आपल्या घरातल्या धान्याच्या डब्यात आणि माळ्यावर एकदा बघा. तिथे कुठे गोळी असेल तर वर सांगितल्याप्रमाणे आजच वागा, उद्यावर टाकू नका. आणि ज्या शेजाऱ्याला वाचता येत नाही, त्याला हे वाचून दाखवा.